व्हेक्टर डेटाबेस कुठला घ्यायचा? नाव नंतर, आधी तुमचा फिल्टर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहकारी पतसंस्थांना सॉफ्टवेअर देणारी तुमची छोटी कंपनी आहे, ६० च्या आसपास संस्था त्यावर चालतात. आता त्यात असा मदतनीस टाकायचाय की काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मराठीत प्रश्न टाइप केला की संस्थेचे उपविधी, कर्ज धोरण, संचालक मंडळाचे ठराव आणि सहकार खात्याची परिपत्रकं यातून शोधून उत्तर मिळेल. कागदांचे तुकडे पाडल्यावर सगळे मिळून ८ लाख होतात, त्यातले दीड लाख सगळ्यांना सामाईक, बाकीचे ज्या त्या संस्थेचे. ॲपचा डेटा आधीच पोस्टग्रेस या नेहमीच्या डेटाबेसमधे आहे, डेव्हलपर दोनच. अर्थावरून शोधायचं तर प्रत्येक तुकड्याचा व्हेक्टर, म्हणजे त्याचा अर्थ टिपणारी आकड्यांची यादी, करावी लागते, आणि त्या याद्या ठेवून प्रश्नाच्या जवळच्या शोधून देतो तो व्हेक्टर डेटाबेस. साहेब म्हणतात पाइनकोन घ्या, एक डेव्हलपर म्हणतो मिल्व्हस, दुसऱ्याने लॅपटॉपवर क्रोमा वापरून डेमो करून दाखवलाय आणि तो छान चाललाय.

सरळ उत्तर आधी देतो. तुमच्या केसमधे पोस्टग्रेसच, पीजीव्हेक्टर एक्स्टेंशन (पोस्टग्रेसमधे व्हेक्टर ठेवायची आणि शोधायची सोय देणारी जोडणी) टाकून. उद्या संस्था खूप वाढल्या किंवा फिल्टर गुंतागुंतीचे झाले आणि पोस्टग्रेस दमायला लागलं तर क्वाड्रंट हा वेगळा व्हेक्टर डेटाबेस. पाइनकोन आणि मिल्व्हस दोन्ही चांगली आहेत, पण ती सोडवतात तो प्रॉब्लेम आज तुमच्याकडे नाहीये. का ते नीट सांगतो, कारण नुसतं नाव सांगून उपयोग नाही, सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन नाव घेऊन येईलच.

आधी आकडेमोड करा, कुठल्याही प्रॉडक्टची वेबसाइट उघडायच्या आधी. बीजीई-एम३ सारखं मॉडेल एका तुकड्याचा १०२४ आकड्यांचा व्हेक्टर देतं, प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे तुकड्याला ४ किलोबाइट झाले. ८ लाख तुकडे म्हणजे सव्वातीन जीबी. पीजीव्हेक्टरचा एचएनएसडब्ल्यू इंडेक्स (शोध जलद करणारी रचना, ती कशी चालते ते खाली येतं) व्हेक्टरची आणखी एक प्रत स्वतःकडे ठेवतो त्यामुळे सगळ्यावर इंडेक्स केलात तर तेवढीच जागा पुन्हा, वर थोडी जास्तच धरा. तरीसुद्धा १६ जीबी रॅमच्या साध्या मशीनवर हे आरामात बसतं. ओपनएआयचं टेक्स्ट-एम्बेडिंग-३-लार्ज घेतलंत तर ३०७२ आकडे, सगळं तिप्पट, म्हणजे दहा जीबीच्या जवळ. आणि तिथे एक अडचण लगेच येते, पीजीव्हेक्टरमधे नेहमीच्या व्हेक्टर प्रकारावर २००० आकड्यांपर्यंतच इंडेक्स करता येतो, त्यापुढे हाफव्हेक (प्रत्येक आकडा निम्म्या जागेत ठेवणारा प्रकार) वापरावा लागतो जो ४००० पर्यंत चालतो आणि जागाही निम्मी घेतो, किंवा त्या मॉडेलकडून व्हेक्टरच लहान करून मागवायचा, तशी सोय त्यात आहे. हीच आकडेमोड १० कोटी तुकड्यांची केली तर ४०० जीबीच्या वर जाते, आणि तिथे मग खरंच वेगळी यंत्रणा लागते. ८ लाख आणि १० कोटी हे दोन वेगळे धंदे आहेत. नेटवर ज्या तुलना दिसतात त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्या धंद्यासाठी लिहिलेल्या असतात आणि वाचणारे बहुतेक पहिल्या धंद्यातले असतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर बहुतेक निवडी फसतात: फिल्टर.

तुमच्याकडे कुठलाही प्रश्न आला तरी तो "सगळ्या ८ लाखात सगळ्यात जवळचं काय" असा कधीच नसतो. तो असतो "या एका संस्थेच्या कागदांत आणि सामाईक परिपत्रकांत जवळचं काय", शिवाय रद्द झालेली परिपत्रकं सोडून, आणि विचारणारा शाखेतला क्लार्क असेल तर संचालक मंडळाची गोपनीय इतिवृत्तं सोडून. म्हणजे प्रत्येक शोधाला फिल्टर आहेच आणि तो कडक आहे. बेंचमार्कमधे जे आकडे दाखवतात ते बऱ्याचदा विनाफिल्टरचे असतात.

फिल्टर आला की नेमकं काय होतं ते समजून घ्या. एचएनएसडब्ल्यू, जो आज जवळपास सगळीकडे वापरला जाणारा इंडेक्स आहे (माल्कोव्ह आणि याशुनिन यांचा २०१६ चा पेपर), तो व्हेक्टरांचं एक जाळं बांधतो, प्रत्येक व्हेक्टरला त्याचे शेजारी माहीत असतात. शोध म्हणजे अनोळखी गावात पत्ता विचारत जावं तसं, एकाला विचारायचं, तो म्हणतो पलीकडे विचारा, असं करत करत जवळ पोचायचं. वेग याच्यामुळेच येतो, सगळ्यांना विचारावं लागत नाही. पण पीजीव्हेक्टरमधे हा इंडेक्स आधी जवळचे उमेदवार काढतो, किती काढायचे ते ईएफ सर्च ठरवतं, ते डिफॉल्ट ४० आहे, आणि मग त्या ४० ना तुमचा फिल्टर, म्हणजे एसक्यूएलमधली व्हेअरची अट, लागते. तुमच्या अटीत १० टक्के रो बसत असतील तर हातात सरासरी ४ येतात. तुमच्याकडे ६० संस्था आहेत, एकेकीचा वाटा सव्वा-दीड टक्का, म्हणजे ४० पैकी सरासरी एकसुद्धा धड येणार नाही. लोक इथे येऊन अडकतात, "पाच मागितले शून्य आले" म्हणतात, पीजीव्हेक्टर भंगार आहे असा निष्कर्ष काढतात आणि तीन महिने घालून दुसरीकडे स्थलांतर करतात. मी हे होताना अनेक ठिकाणी पाहिलंय आणि वाईट वाटतं, कारण उपाय तिथल्या तिथे होता.

पीजीव्हेक्टरच्या ०.८.० व्हर्जनपासून इटरेटिव्ह स्कॅन आलंय, म्हणजे पुरेसे निकाल मिळेपर्यंत इंडेक्स पुढे पुढे शोधत राहतो. ते चालू करा, डिफॉल्टला बंद असतं. पण तुमच्या केसमधे याहून सोपं आणि जास्त चांगलं काहीतरी आहे, आणि ते म्हणजे इंडेक्सच नको. साडेसहा लाख भागिले ६०, एका संस्थेचे सरासरी ११ हजार तुकडे. ११ हजार गुणिले ४ किलोबाइट, ४५ एमबीसुद्धा होत नाही. डेटा मेमरीत असला की एवढं सगळंच्या सगळं एकेक करून तपासायला साध्या सर्व्हरला काही दहा मिलिसेकंद लागतात, आणि निकाल अंदाजे नाही, तंतोतंत. नंतर भाषा मॉडेल उत्तर लिहायला काही सेकंद घेणारच आहे, तिथे हे मिलिसेकंद कोणाच्या लक्षातही येत नाहीत. तेव्हा टेबलाला संस्थेनुसार लिस्ट पार्टिशन करा (प्रत्येक संस्थेचा टेबलात वेगळा भाग) म्हणजे एका संस्थेचे रो डिस्कवरही एकत्र राहतात, संस्थांच्या पार्टिशनवर एचएनएसडब्ल्यू करूच नका, आणि फक्त सामाईक दीड लाखांच्या पार्टिशनवर तो करा. दोन शोध, निकाल एकत्र. माझ्या अनुभवात धंद्यातल्या अंतर्गत वापराच्या बऱ्याच ॲप्लिकेशन्सना, म्हणजे जिथे डेटा गिऱ्हाइकागणिक किंवा खात्यागणिक वाटलेला असतो तिथे, अंदाजे शोधाची गरजच नसते. व्हेक्टर आहे म्हणजे व्हेक्टर इंडेक्स पाहिजेच असं लोक गृहीत धरतात.

एक बारीक गोष्ट याच्यासोबत. पोस्टग्रेस दोन किलोबाइटच्या वरचा मजकूर मुख्य टेबलाबाहेर टोस्टमधे ठेवतं, १०२४ चा व्हेक्टर तिथेच जातो, आणि सगळं तपासताना प्रत्येक रोला दोन ठिकाणी जावं लागतं. व्हेक्टरच्या कॉलमचं स्टोरेज प्लेन करून टाका आणि तुकड्याचा मूळ मजकूर वेगळ्या टेबलात ठेवा. आणि जिथे एचएनएसडब्ल्यू करणार आहात तिथे इंडेक्स बांधताना मेंटेनन्स वर्क मेम (या कामाला किती मेमरी द्यायची ते सेटिंग) पुरेसं वाढवा, जाळं त्यात मावलं नाही तर बांधायला प्रचंड वेळ लागतो.

आता बाकीच्यांकडे. ते फिल्टरचा प्रश्न कसा सोडवतात याच नजरेने बघा, म्हणजे फरक कळेल.

क्वाड्रंट मला मनापासून आवडतं. बर्लिनच्या कंपनीचं आहे, रस्टमधे लिहिलेलं, सोर्स खुला आहे, एकच बायनरी किंवा एक डॉकर कंटेनर, चालू केलं की चाललं. फिल्टर हा तिथे नंतर चिकटवलेला भाग नाहीये. ज्या फील्डवर फिल्टर लागणार त्यावर तुम्ही पेलोड इंडेक्स (व्हेक्टरसोबत ठेवलेल्या माहितीवरचा इंडेक्स) करता, मग ते एचएनएसडब्ल्यूच्या जाळ्यातच त्या फील्डनुसार जास्तीचे दुवे टाकतं, त्यामुळे फिल्टर लावून चालतानाही जाळं तुटत नाही. आणि फिल्टरमधे खूपच कमी रो बसत असतील तर जाळं सोडून सरळ तेवढेच तपासतं, म्हणजे वर आपण हाताने केलं तेच ते आपोआप ठरवतं. मात्र पेलोड इंडेक्स डेटा भरायच्या आधी करायचा, नाहीतर ते जास्तीचे दुवे नंतर आपोआप येत नाहीत, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. संस्थेच्या आयडीला टेनंट (एकाच यंत्रणेवरचं वेगळं गिऱ्हाईक) म्हणून खूण करायची सोयसुद्धा आहे. मग तुम्हाला हेच का सांगत नाही? कारण मग तुमचा डेटा दोन ठिकाणी होतो. संस्थेने ठराव रद्द केला, पोस्टग्रेसमधे अपडेट झाला, क्वाड्रंटला कळवणारी क्यू (निरोपांची रांग) मधेच बंद पडली, आता क्लार्कला रद्द झालेल्या ठरावावरून उत्तर मिळतंय. हे जुळवून ठेवायचं काम अवघड नाहीये पण ते रोजचं आहे, आणि दोन माणसांच्या टीममधे रोजचं काम म्हणजे एका माणसाचा बराचसा वेळ. पोस्टग्रेसमधे हेच एका ट्रान्झॅक्शनमधे होतं, बॅकअप एक, परवानग्या एकाच ठिकाणी.

पाइनकोन. एडो लिबर्टी यांनी २०१९ मधे सुरू केलेली कंपनी, या क्षेत्राचं नाव लोकांपर्यंत पोचवण्यात त्यांचा मोठा हात आहे. पूर्णपणे मॅनेज्ड, सर्व्हर बघायचा नाही, सोर्स बंद. २०२४ च्या सुरुवातीला सर्व्हरलेस आलं तेव्हापासून छोट्यांनाही ते परवडायला लागलं. तुमच्या ६० संस्थांना ६० नेमस्पेस (वेगवेगळे कप्पे) दिले की फिल्टरचा प्रश्नच उरत नाही, खरंच स्वच्छ पद्धत आहे. अडतं ते दुसरीकडे. लिहिलेलं लगेच वाचायला मिळेलच असं नाही, थोडा वेळ लागतो, तुमच्या ॲपमधे "आत्ता अपलोड केलं, लगेच विचारतो" असा वापर असेल तर ते हाताळावं लागेल. एका नेमस्पेसमधून एका वेळी शोध, म्हणजे सामाईक परिपत्रकांचा शोध वेगळा करायचा, तो तसा पोस्टग्रेसमधेही वेगळाच आहे. रेकॉर्डसोबतचा मेटाडेटा ४० किलोबाइटपर्यंत. आणि डेटा कुठल्या रीजनमधे राहणार हे सही करायच्या आधी लेखी घ्या. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायलाच साधारण २०० मिलिसेकंद जातात, ते एकवेळ चालेल, पण पतसंस्थेच्या संचालकांना "आमच्या सभासदांची माहिती अमेरिकेत का" याचं उत्तर द्यायला तुम्हालाच बसावं लागेल. ज्या टीमकडे सर्व्हर बघायला माणूसच नाही, डेटाही फार नाजूक नाही, आणि लोड कधी खूप कधी शून्य असा आहे, त्यांना मी पाइनकोन बिनधास्त सांगतो.

मिल्व्हसबद्दल तुमच्या डेव्हलपरचं मत चुकीचं नाहीये, फक्त वेळ चुकीची आहे. झिलिझने २०१९ मधे खुलं केलेलं, आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, कोट्यवधी ते अब्जावधी व्हेक्टरसाठीच बांधलेलं. इंडेक्सचे प्रकार तर विचारू नका, आयव्हीएफ, एचएनएसडब्ल्यू, डिस्कवर चालणारा डिस्कएएनएन, जीपीयूवर चालणारे. पण क्लस्टर म्हणून चालवायचं तर एटसीडी (क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा छोटा डेटाबेस), ऑब्जेक्ट स्टोरेज, जुन्या व्हर्जनमधे वेगळी मेसेज क्यूही, आणि हे सगळं कुबरनेटीसवर (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी यंत्रणा). स्टँडअलोन मोड आहे, तो हलका आहे, पण स्टँडअलोनच चालवायचं असेल तर क्वाड्रंट त्याहून सोपं पडतं. ज्या कंपनीत प्लॅटफॉर्मची वेगळी टीम आहे आणि १० कोटींच्या पुढे डेटा आहे तिथे मिल्व्हस पहिल्या यादीत असायलाच पाहिजे.

वीव्हिएट नेदरलँड्सचं, गो भाषेत लिहिलेलं. तिथे प्रत्येक टेनंटला स्वतःचा शार्ड (डेटाचा वेगळा भाग) मिळतो आणि जो टेनंट सध्या वापरात नाही तो निष्क्रिय करून मेमरी मोकळी करता येते. हजारो छोटी गिऱ्हाइकं असतील आणि एका वेळी थोडीच जागी असतील तर ही रचना फार सोयीची. कीवर्ड आणि व्हेक्टर एकत्र शोधायची सोयही आधीपासून चांगली. तुमच्या ६० च्या जागी ६००० संस्था असत्या तर मी वीव्हिएट आणि क्वाड्रंट दोन्ही लावून बघा म्हटलं असतं.

क्रोमा डेमोला उत्तम, ते काम त्याने केलं. लान्सडीबी वेगळ्या वाटेचं आहे, डेटा फाइलमधे राहतो, एस३ (ॲमेझॉनची क्लाउडवरची साठवण) वर सुद्धा, आणि फोटो, व्हिडिओ यांच्या मोठ्या डेटासेटवर मॉडेल ट्रेन करणाऱ्यांना ते खूप उपयोगी पडतं. फेस (FAISS) ही लायब्ररी आहे, डेटाबेस नाही, त्यात परवानग्या, बॅकअप सगळं तुम्ही बांधायचं, रात्रीतून एकदा इंडेक्स बांधून दिवसभर फक्त वाचायचा असेल तर छान. ॲमेझॉनने २०२५ मधे एस३ व्हेक्टर्स आणलं, डेटा खूप पण प्रश्न कमी अशा जुन्या दस्तऐवजांसाठी ते स्वस्तात पडतं. तुमच्याकडे ओरॅकल असतं तर २३एआय मधे व्हेक्टर आहे, एसक्यूएल सर्व्हर २०२५ मधे आहे, मारियाडीबीत आलंय, मोंगो ॲटलसमधे आहे. म्हणजे जो डेटाबेस आधीपासून घरात आहे त्यात व्हेक्टर आलेलाच आहे, आणि आधी तोच वापरून बघायचा.

इलास्टिकसर्च आणि ओपनसर्च या शब्दशोधाच्या इंजिनांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तुमचा मजकूर मराठी आहे आणि इथे खरा कस लागतो.

नुसत्या व्हेक्टरवर हे ॲप चालणार नाही. "परिपत्रक क्रमांक अमुक काय म्हणतं", "कलम १०१ खाली वसुली कशी" असे प्रश्न येणारच. कलम १०१ आणि कलम १५४ हे एम्बेडिंगच्या (म्हणजे मॉडेलने केलेल्या व्हेक्टरच्या) नजरेतून जवळजवळ सारखेच दिसतात, दोन्ही सहकार कायद्याचीच कलमं, पण क्लार्कच्या दृष्टीने पूर्ण वेगळी. आकडे, क्रमांक, नावं यासाठी कीवर्डचा शोध लागतोच, म्हणजे दोन्ही शोध करून निकाल एकत्र करायचे. एकत्र करायला रेसिप्रोकल रँक फ्यूजन ही साधी पद्धत पुरते, गुणांची तुलना न करता दोन्ही याद्यांमधला क्रमांक बघते, नेहमीचा स्थिरांक ६०. कीवर्डच्या बाजूला इलास्टिक आणि ओपनसर्च आजही सगळ्यात पक्के, बीएम२५ (शब्द किती जुळले आणि ते किती दुर्मिळ आहेत यावरून गुण देणारी पद्धत) त्यांच्या हाडात आहे, व्हेक्टरही चांगला आहे, तेव्हा जिथे ते आधीच चालू आहेत तिथे दुसरं काही आणू नका. पोस्टग्रेसचं फुल टेक्स्ट चालतं पण त्याचं रँकिंग बीएम२५ नाही, कुठला शब्द सगळ्या डेटात किती दुर्मिळ आहे हे ते धरत नाही.

आणि मराठीचं काय? पोस्टग्रेसमधे मराठीचा स्टेमर (शब्दाचे प्रत्यय काढून मूळ रूप देणारा भाग) नाही. सिंपल कॉन्फिगरेशन वापरलंत तर "कर्जदार", "कर्जदाराला", "कर्जदारांच्या", "कर्जदारांकडून" हे चार वेगळे शब्द होतात. आपली सामान्यरूपं आणि प्रत्यय असे आहेत की एकाच नावाची कित्येक रूपं कागदात सापडतात, आणि जो शब्द प्रश्नात आहे तो नेमक्या त्याच रूपात कागदात असेलच असं नाही. इथे ट्रायग्रॅम एक्स्टेंशनने काम भागतं, शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून. दुसरा रस्ता मला जास्त पटतो, बीजीई-एम३ नेहमीच्या व्हेक्टरबरोबरच स्पार्स व्हेक्टरही देतं, ते शब्दाचे उपतुकडे करून त्यांना वजनं देतं, त्यामुळे "कर्जदार" हा भाग दोन्हीकडे जुळायची शक्यता बरीच वाढते. क्वाड्रंट स्पार्स व्हेक्टर मुळातच घेतं, पीजीव्हेक्टरमधेही स्पार्सव्हेक आहे.

याच्याही आधी मजकूर एकसारखा करून घ्या, हे न करता डेटाबेस बदलत बसलेल्या टीम मी बघतो तेव्हा जीव तुटतो. शेतकऱ्यांना मधला "ऱ्य" युनिकोडमधे दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ या वेगळ्या अक्षराने आणि दुसरा साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकून. डोळ्याला दोन्ही एकच, मशीनला दोन वेगळे शब्द, आणि नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने हे दोन एक होत नाहीत, तुम्हालाच नियम लिहून बदलावं लागतं. आकडे तसेच, कागदात देवनागरी १०१ आणि क्लार्क टाइप करतो इंग्रजी आकड्यात. सातबारा तर तीन-चार प्रकारे येतो, अक्षरात, देवनागरी आकड्यात, इंग्रजी आकड्यात, मधे तिरपी रेघ देऊन आणि न देता. शोधाच्या कॉलममधे सगळे आकडे एकाच प्रकारचे करा, दाखवायचा मूळ मजकूर तसाच ठेवा. आणि जुन्या पीडीएफ! श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या काळातल्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या फायली असतील तर त्यातून निघणारा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा, त्याचाही एम्बेडिंग निमूट तयार होतो, कुठे एरर येत नाही, फक्त ते कागद कधीच सापडत नाहीत. तुकड्यात देवनागरी अक्षरं किती टक्के आहेत हे मोजून संशयास्पद फायली बाजूला काढा, त्यांना कन्व्हर्टर किंवा ओसीआर लावा.

सुरक्षिततेचं एक. बरेच जण समजतात की व्हेक्टर म्हणजे नुसते आकडे, त्यातून काय कळणार. २०२३ मधे व्हेक२टेक्स्ट नावाच्या संशोधनात ३२ टोकनच्या (मॉडेल ज्यात मजकूर तोडतं ते शब्द किंवा शब्दांचे भाग) तुकड्यांपैकी ९२ टक्के तुकडे फक्त एम्बेडिंगवरून जसेच्या तसे परत मिळवून दाखवले. तेव्हा सभासदाचं नाव आणि थकबाकी असलेल्या ठरावाचा व्हेक्टर हा त्या ठरावाइतकाच जपायचा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम २०२५ मधे अधिसूचित झालेत, माहिती काढून टाका अशी मागणी आली तर व्हेक्टरही जायला पाहिजे. एका संस्थेचा तुकडा दुसऱ्या संस्थेला दिसणं हा तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका आहे, शोध थोडा हळू झाला तर लोक कुरकुर करतील, हे झालं तर गिऱ्हाईक जाईल आणि जायलाच पाहिजे. पोस्टग्रेसमधे रो लेव्हल सिक्युरिटी लावली की डेव्हलपर व्हेअरमधली अट विसरला तरी डेटाबेस अडवतो. माझ्यासाठी पोस्टग्रेसच्या बाजूचं हे सगळ्यात वजनदार कारण आहे, वेगापेक्षाही.

शेवटी मोजायचं कसं. कंपन्यांचे बेंचमार्क वाचा, त्यातून सेटिंग शिकायला मिळतात, पण निवड त्यावरून करू नका, प्रत्येक जण स्वतःला जमतं तेच मोजतो. तुम्ही दोन-तीन संस्थांमधे जाऊन काउंटरवरच्या लोकांकडून शंभर-दीडशे खरे प्रश्न गोळा करा, त्यांच्याच शब्दात, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी असले तरी तसेच. प्रत्येकाचं उत्तर कुठल्या तुकड्यात आहे ते जाणकार माणसाकडून लिहून घ्या. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा. एक, इंडेक्सने काढलेले पहिले दहा आणि इंडेक्स बंद करून काढलेले खरे पहिले दहा यात किती सारखे आहेत. सामाईक पार्टिशनवर हे लागेल, पोस्टग्रेसमधे त्या ट्रान्झॅक्शनपुरता इंडेक्स स्कॅन बंद करून करता येतं. दोन, योग्य तुकडा पहिल्या दहात आला का. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट असेल तर दोष डेटाबेसचा नाही, मॉडेलचा, तुकडे पाडण्याचा किंवा मजकुराचा आहे, आणि जगातला कुठलाही व्हेक्टर डेटाबेस तो दुरुस्त करू शकत नाही. अशा वेळी वर रीरँकर (सापडलेले तुकडे प्रश्नाशी ताडून पुन्हा क्रम लावणारं मॉडेल) बसवून बघा, बीजीईचाच बहुभाषिक रीरँकर मराठीला ठीक चालतो, पहिले पन्नास घेऊन त्यातले पाच निवडायचे. वेग मोजताना फिल्टर लावूनच मोजा, आणि बाजूला डेटा भरणं चालू ठेवून मोजा.

पोस्टग्रेस सोडायची वेळ कधी आली समजायचं? एकेका संस्थेचे तुकडे लाखांच्या घरात जायला लागले, किंवा व्हेक्टरच्या शोधांमुळे मुख्य ॲपचे व्यवहार हळू व्हायला लागले. दुसरं आधी होण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हाही पहिला उपाय म्हणजे वाचनासाठी वेगळा रेप्लिका (त्याच डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत), नवीन डेटाबेस नव्हे. डिलीट आणि अपडेट फार असतील तर एचएनएसडब्ल्यूवर व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची जुने, काढलेले रो साफ करायची प्रक्रिया) खूप वेळ खातं, आधी इंडेक्स चालू स्थितीतच पुन्हा बांधून घ्यायचा आणि मग व्हॅक्यूम करायचं.

आजच एक काम करून ठेवा, क्रोमाचा डेमो पोस्टग्रेसमधे आणताना. तुकड्याच्या टेबलात मूळ मजकूर, एकसारखा केलेला मजकूर, संस्था, कागदाचा आयडी आणि पान, लागू असल्याची तारीख, रद्द झाल्याची तारीख, कोणाला बघायची परवानगी, आणि कुठल्या मॉडेलच्या कुठल्या व्हर्जनने व्हेक्टर केला हे सगळे कॉलम पहिल्या दिवसापासून असू द्या. दोन मॉडेलचे व्हेक्टर एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, मॉडेल बदललं की ८ लाखच्या ८ लाख पुन्हा करावे लागतात, आणि तेव्हा जुना कॉलम चालू ठेवून शेजारी नवीन कॉलम भरायचा, त्या शंभर-दीडशे प्रश्नांवर तपासायचा, मग शोध तिकडे वळवायचा. मजकूर आणि हे कॉलम हातात असले की उद्या क्वाड्रंटला जायचं ठरलं तरी ते एका स्क्रिप्टचं काम होतं.